दोन चिमटे आणि मधली जागा

आमच्या क्लासमध्ये दोन गोष्टी आपोआप साठायच्या. एक मिरचीची पूड आणि दुसरे किस्से. लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत, मसाला कुटायच्या मशीनच्या बरोबर वरच्या पोटमाळ्यावर आमचा क्लास होता. मिरचीची पूड अधूनमधून कीबोर्ड उलटा करून झटकली की निघून जायची. किस्से मात्र कितीही झटका, निघत नाहीत. बाजारात कुणी जुना विद्यार्थी भेटतो, "मॅडम, ते चिमट्याचं आठवतं का?" म्हणतो आणि मी भाजीची पिशवी खाली ठेवते. मग घरी स्वयंपाकाला उशीर होतो आणि बोलणी मला बसतात.

आज तुम्ही सगळे बसलाच आहात, चहाही झालाय, तर सांगूनच टाकते.

क्लास नार्वेकर सरांचा. आधी तो टायपिंगचा क्लास होता. गिरणीच्या ऑफिसात कारकून व्हायचं म्हणून पोरं यायची आणि सकाळपासून खडखडाट चालायचा. मग संप झाला. ऑफिसंच राहिली नाहीत तर कारकून कशाला लागतील! सरांचे टाइपरायटर काही वर्षं फडक्याखाली पडून होते. शेवटी सरांनी हिय्या करून दोन कॉम्प्युटर आणले, त्यांना हार घातला, नारळ फोडला आणि पाटीवर 'टायपिंग' खोडून 'कॉम्प्युटर' लिहिलं. मी तिथे शिकायला गेले ती शिकवायलाच राहिले. दुपारी क्लास, बाकीच्या वेळात लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, हळदीकुंकवाची आमंत्रणं, जे येईल ते कंपोज करायचं.

सर म्हणजे एक प्रकरण होतं. मराठी एकदम चोख, देवावर भक्ती आणि मशीनवर अविश्वास. कॉम्प्युटर बंद केल्यावर तो खरंच बंद झाला का, हे ते हात लावून बघायचे.

*

राणे काका आले तेव्हा आम्हाला वाटलं, मुलाचं किंवा मुलीचं नाव घालायला आलेत. पन्नाशी जवळ आलेली, अंगात वॉचमनचा खाकी शर्ट. सरांनी विचारलं, कोण शिकणार? काका म्हणाले, "मीच."

भिकाजी राणे. परळच्या एका गिरणीत साच्यावर होते, म्हणजे विणकर. संपात नोकरी गेली ती परत मिळाली नाही. मग उदबत्त्या विकल्या, गणपतीच्या कारखान्यात मूर्ती रंगवल्या, आणि शेवटी एका बिल्डिंगच्या गेटवर रात्रपाळीला बसले. गावाहून मोठा भाऊ सारखा निरोप पाठवायचा, मुंबईत आता काय ठेवलंय, या इकडे, घर आहे, आंब्याची कलमं आहेत. काकांचं मन निम्मं गावाला पोचलेलं होतं. काकी मात्र ठाम. त्यांनी त्याच खोलीत गिरणीतल्या पोरांची खानावळ चालवली होती, अख्खी चाळ त्यांच्या हातचं जेवली होती. त्यांचं एकच उत्तर, "मी खंय जावचंय नाय."

परळच्या एका हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीवर कॉम्प्युटर येणार आणि तिथे टाइप करणारा माणूस लागणार, ही बातमी सरांनी आणली होती. तेव्हा राण्यांच्या घरात ठरलं ते असं. ती नोकरी मिळाली तर मुंबई, नाही मिळाली तर गाव. हे क्लासमध्ये सगळ्यांना माहीत होतं. काकांचं बोट चुकीच्या अक्षराकडे निघालं की सगळा क्लास श्वास रोखायचा!

पहिल्या दिवशी सरांनी सांगितलं, फाइलला नाव द्या. तेव्हाचा कॉम्प्युटर काळ्या पडद्याचा, त्यात फाइलचं नाव आठ अक्षरांतच बसवायचं आणि मधे जागा सोडायची नाही. हे सांगायला सर विसरले. काकांनी एक एक अक्षर शोधून आपलं आख्खं नाव सलग टाइप केलं. बघतात तर पडद्यावर उरलं BHIKAJIR. राण्यांचा एक आर तेवढा वाचला होता.

काकांनी त्या आरवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "गिरणीनं नोकरी कापली, ह्यानं आडनाव कापलं." आणि स्वतःच पहिले हसले, म्हणून आम्हालाही हसता आलं.

*

पुढे नवे कॉम्प्युटर आले. त्यात फाइलला हवं तेवढं लांब नाव देता यायचं, शब्दांच्या मधे जागाही सोडता यायची. काकांना इतका आनंद झाला की त्यांनी आपलं, वडलांचं आणि आडनाव असं सगळं ऐसपैस जागा सोडून लिहिलं आणि फाइलच्या आत काहीच लिहिलं नाही. नाव पूर्ण आलं, बास!

पण आमच्या सरांचा उंदरावर, म्हणजे त्या माउसवर, मुळीच भरवसा नव्हता. फ्लॉपीवर फाइल न्यायची तर काळ्या पडद्यावर जाऊन हुकूम टाइप करूनच न्यायची, असा त्यांचा नियम होता. काकांनी हुकूम टाइप केला, पुढे आपलं तीन शब्दांचं नाव लिहिलं. कॉम्प्युटरने उत्तर दिलं, टू मेनी पॅरामीटर्स. काकांनी सरांना अर्थ विचारला. सर म्हणाले, गर्दी फार झाली.

मग सरांनी समजावलं. जागा दिसली की कॉम्प्युटरला वाटतं, इथे एक माणूस संपला, आता दुसरा आला. तुम्ही एकटे, पण त्याला तुम्ही तिघे दिसता. यातलं कोणाला उचलू, म्हणून तो अडतो.

काकांना हे काही पटेना. "आमच्या खोलीत पाळ्यापाळ्यांनी सगळा गाव झोपून उठायचा," ते म्हणाले, "नि ह्याला तीन माणसांची गर्दी होते?"

*

यावर इलाज एकच, नावाच्या दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं लावायची. म्हणजे कॉम्प्युटरला कळतं, मधे जागा असली तरी हा सगळा मिळून एकच माणूस आहे. सर दर वेळी त्याला 'दुहेरी अवतरणचिन्ह' म्हणायचे, अगदी पूर्ण. सरांचं म्हणून होईपर्यंत पोरांची बोटं दोन ओळी पुढे गेलेली असायची.

मग ज्याने त्याने आपापलं नाव पाडलं. ज्योत्स्ना तांडेल माहीमच्या कोळीवाड्यातून यायची. सकाळी आईबरोबर मासळी विकायची आणि दुपारी हात लिंबाने घासून क्लासला हजर. ती म्हणायची, कोळंबीच्या मिशा. मी खासगीत टिकल्या म्हणायचे. कुणी शिंगं म्हणायचं, कुणी खिळे. सर वैतागायचे. एका चिन्हाला इतकी नावं असतील तर मी शिकवू काय, असं त्यांचं म्हणणं.

राणे काका यात बोलले नव्हते. ते खिडकीतून समोरच्या चाळीच्या गॅलरीकडे बघत होते. तिथे दोरीवर एक नऊवारी वाळत होती आणि खालून मसाल्याच्या मशीनचा वारा लागून फडफडत होती.

"सर, हे चिमटे," काका म्हणाले. "दोन्ही टोकांना लावले तर लुगडं जागेवर. एका टोकाला विसरलं तर गेलं खालच्या मिरचीत."

क्लासने ते नाव तिथेच उचललं. सरांनी मात्र दाद दिली नाही. चिमटा हा शब्द माझ्या क्लासमध्ये चालणार नाही, असं त्यांनी बजावलं आणि ते काही दिवस पाळलंही. मग एका संध्याकाळी घाईचं काम होतं, मंडळाचा माणूस दारात उभा, मी हुकूम टाइप केला आणि कॉम्प्युटर अडला. सर मागून ओरडले, "सुनंदा, मागचा चिमटा कोण लावणार?"

म्हणून झाल्यावर त्यांनी हळूच मागे वळून बघितलं. सगळा क्लास त्यांच्याकडेच बघत होता. दुसऱ्या दिवसापासून सरांनी फळ्यावरही चिमटाच लिहिलं.

*

एकदा एक कॉम्प्युटर बंद पडला. फोर्टातून एक तरुण इंजिनीयर आला, टाय घातलेला. पोटमाळ्याच्या शिडीवर त्याला पाच-सहा शिंका आल्या, तेव्हाच त्याचा रुबाब उतरला. तो आमच्याशी 'इन्व्हर्टेड कॉमा' वगैरे बोलत होता. काकांनी त्याला चहा पाजला आणि आपली दोरी, लुगडं, मिरची अशी सगळी थिअरी समजावून सांगितली. तो मान डोलवत गेला.

काही महिन्यांनी त्याच कंपनीचा दुसराच इंजिनीयर आला. आम्ही याचं तोंडही आधी पाहिलेलं नव्हतं. त्याने बॅग खाली ठेवली, शिंकला आणि विचारलं, "दोन्हीकडे चिमटे लावलेत ना?"

*

चिमटे लावायला पोरं विसरतात, म्हणून सरांनी नवा कायदा काढला. फाइलच्या नावात जागा सोडायचीच नाही. दोन शब्दांच्या मधे खालची आडवी रेघ मारायची, म्हणजे शब्द जोडले जातात आणि कॉम्प्युटर अडत नाही. अगदी शास्त्रोक्त पद्धत. ती एका आठवड्यात मोडीत निघाली.

कॉटन ग्रीनचे एक गृहस्थ मुलीची लग्नपत्रिका घेऊन आले. गोदामात मुकादम होते, आवाज तसाच. मी त्यांना पडद्यावर मजकूर दाखवत होते. वर फाइलचं नाव होतं, संजय, मग रेघ, मग मनीषा. मजकुराकडे त्यांनी बघितलंच नाही. ती रेघ कसली, म्हणाले. मी सांगितलं, दोन नावं जोडायला.

गृहस्थ उभे राहिले. लग्न अजून व्हायचं होतं, साखरपुडा तेवढा झाला होता. अक्षता पडायच्या आधी यांना जोडायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, असा त्यांचा सवाल! मी म्हटलं, हे फक्त कॉम्प्युटरच्या आतलं नाव आहे, पत्रिकेवर छापून येणार नाही. ते म्हणाले, आतलं असो की बाहेरचं, मुहूर्त म्हणजे मुहूर्त. सरांनी तर त्यांच्याकडे बघून मान डोलावली. मुहूर्त हा त्यांचाही नाजूक विषय होता.

तेव्हा काका पुढे झाले. त्यांनी रेघ पुसली, मधे जागा सोडली, दोन्ही टोकांना चिमटे लावून फाइल फ्लॉपीवर घेतली. मुकादमांनी खात्री करून घेतली की दोघांमध्ये नीट अंतर आहे, मग पत्रिका पास केली.

यात खरी गंमत लग्नाच्या दिवशी झाली. काकांनी मुहूर्ताची वेळ लक्षात ठेवली होती. त्या मिनिटाला ते कॉम्प्युटरवर बसले आणि संजय-मनीषाच्या मधली जागा काढून त्यांनी रेघ मारली. ज्योत्स्नाच्या हातात भेळ होती. तिने त्यातले कुरमुरे पडद्यावर टाकले, मग आम्हीही टाकले. सर रागावतील असं वाटलं, पण त्यांनीही दोन टाकले. ते कुरमुरे कीबोर्डमधून पुढे कितीतरी दिवस निघत होते.

*

सरांची भक्ती मात्र एकदा आमच्या चांगलीच अंगाशी आली. कागदावर पहिलं काय लिहायचं? श्री. मग फाइलच्या नावातही आधी श्री गणेश प्रसन्न, नंतर बाकीचं. सरांचा हा दंडक आणि तो मोडायची कुणाला इच्छाही नव्हती. पण काळ्या पडद्यावर ही लांब नावं तोडून दिसायची. अक्षरं सहा आणि पुढे एक नंबर. म्हणजे आमच्याकडच्या सगळ्या लग्नपत्रिका तिथे SHRIGA एक, SHRIGA दोन, SHRIGA तीन. बाप्पा सगळीकडे होता, नवरा-नवरी कुठेच दिसत नव्हते.

त्याच मोसमात ज्योत्स्नाच्या भावाचं लग्न निघालं, माहीमला. आणि सरांच्या पुतण्याचंही, दादरला. तारीख एकच. सरांनी घाईत प्रेसला फ्लॉपी पाठवली. आपल्या पुतण्याची पत्रिका म्हणून त्यांनी जी पाठवली, ती निघाली ज्योत्स्नाच्या भावाची. प्रेसने एक गठ्ठा छापला, सरांच्या घरच्यांनी तो न उघडता पाकिटांत भरला आणि गिरगावातल्या नातेवाइकांकडे वाटून टाकला. नंतर चूक लक्षात आली, दुसऱ्या पत्रिका छापल्या, पण पहिली काही पाकिटं हातची गेली होती.

आता तुम्ही म्हणाल, नावं वाचून कळलं नाही का? अहो, पत्रिकेत लोक तीनच गोष्टी वाचतात. तारीख, हॉल कुठे आहे आणि प्रेषकांमध्ये कोणाचं नाव कोणाच्या वर छापलंय. ही तिसरी गोष्ट सरांच्या गिरगावच्या मामांनी चष्मा सापडेना म्हणून सोडून दिली. पाकिटावर सरांच्या घरचा शिक्का होता, तेवढं पुरलं.

तर सरांचे मामा, मामी आणि त्यांच्याबरोबर चारपाच जण नटूनथटून माहीमला कोळीवाड्यात उतरले. बँड वाजत होता. तांडेलांनी आल्या आल्या त्यांच्या गळ्यात हार घातले, खुर्च्या दिल्या, सरबत दिलं. मामांना वाटलं, पोराने सासर फार मोठ्या मनाचं बघितलंय. नवरा पाया पडायला आला तेव्हा मामींना हे नाक आपल्या घरातलं नाही असं वाटलं, पण अशा वेळी कोण बोलणार! मग पंगत बसली. त्यात सुरमई होती, कोळंबी होती, भरलेली पापलेटं होती.

दादरला सर प्रत्येक पाहुण्याला विचारत होते, मामा कुठे राहिले. मामांचा पत्ता लागला तो संध्याकाळी. ज्योत्स्नाच त्यांना घेऊन दादरला पोचवायला आली. सर हात जोडून उभे. मामांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली.

"नवरा आपला नव्हता रे," मामा म्हणाले, "पण जेवण आपलं होतं."

सरांनी दुसऱ्या दिवशी कायदा केला, फाइलच्या नावात श्री लिहायचं नाही. क्लासला पेच पडला. श्रीशिवाय सुरुवात करायची कशी? शेवटी तडजोड निघाली, की श्री तोंडाने म्हणायचं आणि नाव हाताने लिहायचं. आमच्या क्लासमध्ये नवीन माणूस आला की त्याला वाटायचं, इथे सगळे पुटपुटतात का?

*

काकांकडे घरी कॉम्प्युटर कुठला! पण हॉस्पिटलात एकदाचा कॉम्प्युटर आला होता, नोकरीची टेस्ट जवळ आली होती आणि सराव तर हवा. काकांनी काकींच्या जेवणाचा एक पाट उलटा केला आणि त्यावर खडूने सगळा कीबोर्ड काढला. दुपारी झोप झाली की पाट मांडीवर घेऊन बसायचे आणि बोटं चालवायचे. काकी चपात्या लाटता लाटता नावं सांगायच्या, चाळीतली, खानावळीतली, गावची, आणि काका पाटावर टाइप करायचे. कोणाचं नाव लांबलं की काकी दटावायच्या, चिमटे लावलेत का? एकदा मी त्यांच्याकडे गेले तर पाटावरच्या एन्टरला कणीक लागली होती.

त्याच दिवसांत गावाहून भाऊ येऊन बसला. न्यायलाच आला होता. निकाल लागला की परतीच्या एस.टी.त बसायचं, अशा तयारीने. काका बिचारे दोन्ही बाजूंनी ओढलेले. भावाला वाईट वाटू नये म्हणून सकाळी ते ट्रंक भरायला घ्यायचे. रात्री ते कामावर गेले की काकी ट्रंक रिकामी करून पातेली परत फळीवर लावायच्या. या विषयावर नवराबायकोत एक शब्दही झाला नाही. भाऊ आपला खाटेवर बसून दोघांकडे बघत राहायचा.

मला काकींचं फार वाटायचं. क्लासमध्ये काकांसाठी सगळे होते. त्या खोलीत त्या एकट्याच मुंबई धरून बसल्या होत्या.

*

टेस्टच्या दिवशी सरांनी मला काकांबरोबर पाठवलं. स्वतः यायची त्यांची छाती झाली नाही. ते क्लासमध्ये उदबत्ती लावून बसले.

आम्हाला वाटलं होतं, एका खोलीत बसवतील, एखादा उतारा देतील. ऑफिसच्या मॅडमनी काकांना थेट केसपेपरच्या खिडकीत बसवलं. बाहेर रांग, आत काका आणि त्यांच्या मागे मॅडम उभ्या. आज सकाळची रांग तुम्ही काढा, म्हणाल्या, तीच टेस्ट. प्रत्येक पेशंटची फाइल त्याच्या पूर्ण नावाने ठेवायची आणि फ्लॉपीवर घ्यायची. एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली. मधलं नाव सोडायचं नाही. कॉम्प्युटर आल्यापासून तात्पुरता बसवलेला माणूस बायकांचं मधलं नाव मोकळं सोडायचा, त्यामुळे एक लक्ष्मी शिंदे आली की आधीच्या लक्ष्मी शिंदेची फाइल पुसली जायची. एकीचा खोकला दुसरीच्या नावावर चढायचा.

मी खिडकीच्या बाहेर, बाजूला उभी. पहिले दोन पुरुष निघाले. नावं सांगितली, काकांनी जागा सोडून, चिमटे लावून टाइप केली. मग एक म्हातारी आली. नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. काकांनी विचारलं, नवऱ्याचं नाव?

म्हातारी गप्प. पदर ओढून घेतला आणि जमिनीकडे बघायला लागली. आमच्या भागातल्या त्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे काय तुम्हाला सांगायला हवं? काका त्याच घरांतले. परक्या बाईला दुसऱ्यांदा विचारायची त्यांची जीभ रेटेना. तेही कीबोर्डकडे बघायला लागले. दोघं समोरासमोर, माना खाली! रांग तुंबली. मॅडमनी घड्याळ बघितलं. मला वाटलं, गेली नोकरी, आता काकींची पातेली खरोखरच ट्रंकेत जाणार.

तेवढ्यात रांगेतून कुणीतरी बाई म्हणाली, "आजी, उखाण्यात घ्या की."

म्हातारीने मान वर केली. पदर नीट केला. आणि त्या औषधाच्या वासाच्या कॉरिडॉरमध्ये खणखणीत आवाजात म्हणाली,

"केसपेपरच्या रांगेत उभं राहून दुखले माझे पाय,
तुकारामरावांचं नाव घेते, डॉक्टर येणार की नाय?"

रांग हसली, टाळ्या पडल्या. काकांनी 'तुकाराम' टाइप केलं. चिमटे लावले, फाइल गेली. पुढची बाई तर तयारीतच होती. तिच्या एका हाताला प्लास्टर.

"डाव्या हाताला प्लास्टर माझ्या, उजव्या हातात काठी,
विठोबारावांचं नाव घेते फक्त कॉम्प्युटरसाठी."

मग काय विचारता! रांगेत बायका ओठ हलवत यमक जुळवत उभ्या. ताप असलेल्या एकीने तर नंबर मागे ढकलून घेतला, कारण तिचा दुसरा चरण बसत नव्हता. पुरुष नुसतं नाव सांगून निघाले की रांग नाराज व्हायची. आतून एक डॉक्टर बघायला आले, तेही जरा थांबले. काकांचा टाइपिंगचा वेग तसा बैलगाडीचा, पण उखाणा होईपर्यंत त्यांची बोटं बरोबर तिथे पोचलेली असायची. मॅडम आता घड्याळ बघत नव्हत्या.

आणि रांगेच्या शेवटी मला राणे काकांच्या सुलोचना काकी दिसल्या.

मी येणार नाही, मला कामं आहेत, असं त्यांनी काकांना सकाळी ठणकावून सांगितलं होतं. आता ठेवणीतलं लुगडं नेसून, कपाळावर नीट कुंकू लावून त्या रांगेत पेशंट म्हणून उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि डोळ्यांनी दम दिला. मी दुसरीकडे बघायला लागले.

काकींची सगळ्या चाळीत ख्याती होती. लग्न झाल्यापासून त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलेलं नव्हतं. उखाण्यातसुद्धा नाही. हळदीकुंकवाला बायकांनी आग्रह केला की त्या आतून लाडू आणायच्या निमित्ताने उठायच्या आणि लाडू संपेपर्यंत यायच्या नाहीत. काका तर म्हणायचे, आपलं नाव भिकाजी आहे हे आपल्याला पगाराच्या दिवशीच कळायचं.

काकींचा नंबर आला. काकांनी वर बघितलं आणि त्यांचा चेहरा कोरा झाला. मागे मॅडम उभ्या होत्या. काकांनी इतर सगळ्यांना विचारत होते तसंच विचारलं.

"नाव?"

"सुलोचना."

"आडनाव?"

"राणे."

काकांनी ते टाइप केलं. मधली जागा मोकळी होती. "नवऱ्याचं नाव?"

मागून रांग ओरडायला लागली, घ्या घ्या, जोरात घ्या. काकींनी रांगेकडे बघितलं नाही. काकांकडेही बघितलं नाही. त्यांनी थेट मॅडमकडे बघितलं, आणि यमक नाही, लाजणं नाही, पदर नाही, सरळ म्हणाल्या,

"भिकाजी."

काकांची बोटं कीबोर्डवर होती तिथेच राहिली. मॅडम म्हणाल्या, काका, टाइप करा.

काका खिडकीकडे झुकले.

"ऐकू नाय आलं," ते म्हणाले. "परत सांगा."

"भिकाजी," काकी म्हणाल्या, आणि या वेळी ते पार जिन्यापर्यंत ऐकू गेलं.

मॅडमनी एकदा काकींकडे बघितलं, एकदा काकांकडे. मग काकांना विचारलं, "उद्यापासून तुम्ही सगळ्यांनाच असं दोनदोनदा विचारणार का?"

"नाय मॅडम," काका 'भिकाजी' टाइप करत म्हणाले. "ह्या एकाच बायेक."